हजेरी किती, ओव्हरटाइम किती?

शिरवळच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टरमार्फत कामाला लागायचं असेल, तर भोर तालुक्यातला पोरगा चार प्रश्न विचारल्याशिवाय गाडीत बसत नाही. हजेरी किती? ओव्हरटाइम सिंगल की डबल? पीएफ खरंच भरला जातो, का नुसताच कापला जातो? आणि दुसरी पाळी सुटल्यावर गाडी गावच्या फाट्यावर सोडते, का हायवेलाच उतरवते? हे प्रश्न त्याला कोणी शिकवलेले नसतात. घरात वडील, काका, मोठा भाऊ यांनी पन्नास वर्षं परक्या गावी काम केलेलं असतं, त्यांच्या बोलण्यातून ते कानावर पडलेले असतात.

मात्र त्याच घरातला मुलगा जर्मनीला किंवा जपानला निघाला, की घरातला एकच प्रश्न उरतो : व्हिसा कधी येणार? करार कुठल्या भाषेत आहे, हातात किती पडणार, खोली कोण देणार, काम सोडावंसं वाटलं तर काय होणार, हे विचारायला माणसं बिचकतात. परदेश म्हणजे मान, आणि मानाच्या गोष्टीत पैशाचं विचारू नये, असं कुठेतरी मनात बसलेलं असतं. खरं तर परदेशातली इंटर्नशिप, प्लेसमेंट, प्रशिक्षण हे सगळं आधी काम असतं आणि मग शिक्षण. कामाला लावायचे प्रश्न त्याला लावलेच पाहिजेत.

भोर आणि वेल्हे हे बाहेर जाण्याची सवय असलेले तालुके. १९२८ साली भाटघरचं धरण पूर्ण झालं, १९६१ साली पानशेत फुटलं आणि पुन्हा बांधलं गेलं, मग वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी. पाणी खाली गेलं आणि माणसं मुंबई-पुण्याला गेली. भोरजवळ उत्रौलीला औद्योगिक वसाहत व्हावी ही मागणी जुनीच आहे. पोटासाठी घाट उतरणं इथे कुणाला नवं नाही. नवं आहे ते एवढंच, की आता धांगवडी आणि नायगावला इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, विंझरला अमृतेश्वर महाविद्यालय आहे, भोरला अनंतराव थोपटे महाविद्यालय आहे. मागच्या पिढीने हमाली आणि कंपनीतली हेल्परी केली, ही पिढी पदवी, डिप्लोमा किंवा आयटीआयचं प्रमाणपत्र घेऊन निघते.

वेल्हे तालुक्याचं नाव ‘राजगड’ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. त्याच्या थोडंच आधी, फेब्रुवारीच्या अखेरीस, महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर, हॉटेलातले कामगार असं सुमारे दहा हजारांचं कुशल मनुष्यबळ तिकडे पाठवायचं, असा तो करार. श्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी, आणि मुंबईशी तिचं भगिनी शहर म्हणून नातं १९६८ पासूनचं. करार झाल्यावर ‘जर्मनी’ हा शब्द खेड्यापाड्यांतही कानावर पडू लागला.

जर्मनीत कामातून शिकण्याची जुनी व्यवस्था आहे, तिला ‘आउसबिल्डुंग’ म्हणतात. आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत, रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात प्रत्यक्ष काम, एक-दोन दिवस शाळा. कुठे ही शाळा सलग काही आठवड्यांची असते. साधारण तीन वर्षांनी परीक्षा. फी नाही, उलट पहिल्या महिन्यापासून भत्ता. आपल्याकडची अप्रेंटिसशिप ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रचना मनापासून आवडेल. कारागिराला तिथे खरा मान आहे आणि आयटीआयच्या मुलासाठी याहून चांगला रस्ता फार थोड्या देशांत आहे.

पण पगारपत्रक समोर ठेवून बघायला हवं. २०२५ मध्ये सुरू झालेल्या करारांसाठी कायद्याने ठरवलेला किमान भत्ता पहिल्या वर्षी महिना ६८२ युरो होता. शंभर रुपयांचा युरो धरला, तर एजंट सांगतो, ‘महिना जवळजवळ सत्तर हजार.’ भोरमध्ये सत्तर हजार म्हणजे मोठा आकडा. सरकारी रुग्णालयात नर्सिंग शिकणाऱ्या मुलीला पहिल्याच वर्षी तेराशे-चौदाशे युरो मिळतात, म्हणजे जवळपास दुप्पट. एकाच देशात, एकाच नावाच्या प्रशिक्षणात एवढा फरक पडतो, तो मालक कोण आणि धंदा कुठला यावर. महिनाअखेरीस जो कागद हाती येतो त्यावर वर ‘ब्रुट्टो’, म्हणजे एकूण रक्कम, असतं आणि खाली ‘नेट्टो’, म्हणजे हातात पडणारी. मधल्या ओळींत पेन्शन, आरोग्यविमा, बेरोजगारी विमा, शुश्रूषा विमा. मिळून साधारण पाचवा हिस्सा तिथेच जातो. मोठ्या शहराजवळ एका खोलीचं भाडं चारशे-पाचशे युरोच्या घरात. रेडिओ-टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घरामागे महिना १८.३६ युरो प्रसारण शुल्क. ६८२ मधून हे सगळं वजा केलं, तर घरी पाठवायला काही उरतच नाही. सुरुवातीची दोन वर्षं मुलगा पैसे पाठवणार नाही, हे आईवडिलांना निघण्याआधीच सांगायला हवं. ते सांगितलं नाही, तर फोनवरचं प्रत्येक बोलणं जड होत जातं.

भाषेचंही तसंच. पुण्यात बी-वन पातळीची परीक्षा पास झालेली मुलगी श्टुटगार्टजवळच्या वृद्धाश्रमात पहिल्या दिवशी गांगरते, कारण समोरच्या आजी पुस्तकातली जर्मन बोलत नाहीत, त्या श्वाबी बोली बोलतात. पुणेरी मराठी शिकून आलेल्या माणसाला वेल्ह्याच्या डोंगरातल्या म्हातारीचं बोलणं लगेच कळेल का? सकाळी सहाची पाळी, आजींना उठवणं, अंघोळ घालणं, भरवणं, औषधं, आणि प्रत्येक गोष्टीची लेखी नोंद. शरीराचे कष्ट आमच्या मुलींना नवे नाहीत, लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम केलेल्या त्या मुली आहेत. अंगावर येतात ते एकटेपण आणि हिवाळा. डिसेंबरात साडेचारला अंधारतं. रविवारी दुकानं बंद, म्हणजे शनिवारी दूध-पाव आणायचं राहिलं तर सोमवारपर्यंत थांबा. घर बदललं की नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्याशिवाय पुढची कामं अडतात. श्वाबेन भागात ‘केअरवोखे’ नावाची रीत आहे. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने आठवडाभर जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायचा. पाळी चुकली तर शेजारी नाराज होतात. अंगण झाडल्याशिवाय चहा न घेणाऱ्या घरातल्या मुलीला हे जमतं, आणि बहुतेकदा शेजारच्यांशी पहिली ओळख अशाच कामातून होते.

करारातली आणखी एक ओळ वाचून घ्यावी : परिवीक्षा काळ. आउसबिल्डुंगमध्ये तो एक ते चार महिने असतो, नर्सिंगमध्ये सहा. त्या काळात मालक किंवा शिकाऊ, कोणीही कारण न देता करार संपवू शकतो. संपला तर लगेच परतीचं तिकीट काढावं लागतं असं नाही. दुसरी जागा शोधायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळू शकते. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे घाबरून वाटेल ती अट मान्य करणारी मुलं असतात.

जपानची कथा याहून कठीण आहे. तिथली तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजना १९९३ मध्ये सुरू झाली. भारताने त्यासाठीचा करार २०१७ मध्ये केला. नाव प्रशिक्षणाचं, पण शेतं, कारखाने आणि बांधकामं यांना मजूर पुरवणं हे तिचं खरं काम होऊन बसलं. ज्या मालकाकडे गेलात तो बदलता येत नाही, ही तिची मुख्य खोट. निघण्यापूर्वी एजंटला पैसे देण्यासाठी काढलेलं कर्ज डोक्यावर आणि मालक बदलायची सोय नाही, अशा कोंडीतून माणसं पळून जातात. २०२३ या एका वर्षात ९,७५३ प्रशिक्षणार्थी कामाच्या जागेवरून बेपत्ता झाल्याची नोंद जपान सरकारकडेच आहे. त्यांत भारतीय थोडे, व्हिएतनामी जास्त. शेवटी जपानच्या संसदेने जून २०२४ मध्ये ही योजना बंद करून नवी आणण्याचा कायदा केला. नव्या योजनेत ठरावीक काळानंतर, काही अटींवर मालक बदलता येईल. जपान चांगलाच देश आहे, शिस्त शिकावी तर तिथे. पण ‘बदलता येतं का?’ हा एक प्रश्न तिथल्या प्रत्येक करारापुढे ठेवलाच पाहिजे.

ब्रिटनला जाणाऱ्यांची अडचण वेगळी. तिथे ‘प्लेसमेंट इयर’ असलेला अभ्यासक्रम निवडला, की विद्यापीठच नोकरी लावून देईल असं इकडे समजलं जातं. प्रत्यक्षात जागा विद्यार्थ्यालाच शोधावी लागते, आणि मिळाली नाही तर बहुधा प्लेसमेंटविना अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. शनिवार-रविवार गोदामात किंवा हॉटेलात उभं राहून सोमवारी निबंध लिहायचा, हे तिथल्या बऱ्याच भारतीय विद्यार्थ्यांचं वेळापत्रक.

जुनी मराठी माणसं यातून गेलेली आहेत. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाने त्यांना लेकीसारखं ठेवलं, आणि त्या पहिल्या महिन्यांत त्या रमल्या. कॉलेजसाठी फिलाडेल्फियाला आल्यावर जी खोली मिळाली तिची शेगडी धुरायची. पेटवली तर धूर, विझवली तर थंडी. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. त्यांच्या जिद्दीबद्दल आपण भरभरून बोलतो, खोलीबद्दल बोलत नाही. मुलाला परदेशी पाठवताना विद्यापीठाच्या क्रमांकाइतकीच खोलीची चौकशी करावी, हे त्यांच्या आयुष्यातून घ्यायला हवं होतं.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शेतीशास्त्र शिकले ते मिळेल ती मजुरी करत. गदर चळवळीच्या आरंभीच्या मंडळींत ते होते आणि पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले. मक्यावरचं त्यांचं काम तिथे आजही आठवलं जातं. मजुरी त्यांच्या शिक्षणाच्या आड आली नाही. पण त्यांच्यामागे एजंटचं कर्जही नव्हतं.

कर्जाचा मुद्दा भोर-वेल्ह्यात जमिनीपाशी येऊन थांबतो. जर्मनीत पदवीला जाणाऱ्याला वर्षाचे ११,९०४ युरो आधीच ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज हवं तर बँक बहुधा तारण मागते, आणि शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँकांना नको असते. पण राजगड-तोरण्याच्या पायथ्याला आणि पानशेतच्या पाण्याकाठी फार्महाउससाठी तीच जमीन घ्यायला गिऱ्हाईक तयार असतं. मग गुंठे विकले जातात. मुलगा परत येईल, न येईल, सातबाऱ्यावरून गेलेलं नाव परत येत नाही. ज्या घरात आधीच धरणाखाली रान गेलं आहे, त्या घराने उरलेलं रान एका ऑफर लेटरवर विकू नये, असं स्पष्ट म्हणायला हवं.

सरकारी मदत आहे. राज्य सरकारच्या सारथी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड परदेशी शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. दोन्हींत दरवर्षी ७५ जागा. मात्र त्या जगातल्या पहिल्या दोनशे विद्यापीठांतल्या पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या शिक्षणासाठी आहेत. वृद्धाश्रमात किंवा वर्कशॉपमध्ये काम करत शिकू पाहणाऱ्या आयटीआयच्या मुलासाठी त्यांत काही नाही, आणि आमच्या तालुक्यांत अशीच मुलं जास्त आहेत. याउलट केरळने नोर्का ही सरकारी संस्था उभी केली, आणि जर्मनीच्या ‘ट्रिपल विन’ योजनेतून तिथल्या नर्स सरकारमार्फत जातात. खासगी एजंटलाही कायदा आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणीकृत भरती एजंटला सेवाशुल्क तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. नोंदणी आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतं. शिक्षणाच्या नावाखाली मुलं पाठवणारे सल्लागार मात्र या कायद्याच्या बाहेर राहतात. लाखांचे व्यवहार तिथेच होतात.

जर्मन शिकायला वेल्ह्याच्या मुलीने स्वारगेटला उतरून रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्समुल्लर भवन गाठायचं, म्हणजे शेवटची एसटी चुकते आणि पुण्यात खोली घ्यावी लागते. बी-वन गाठायला वर्ष तरी जातं. वर्षभराची खोली हाच पहिला खर्च, आणि बऱ्याच मुली तिथेच थांबतात. विंझर, भोर आणि धांगवडीच्या कॉलेजांनी संध्याकाळचे जर्मन-जपानी वर्ग सुरू केले, तर हा खर्च उद्याच वाचेल. शिक्षक पुण्याहून येऊ शकतो, निम्मा वर्ग ऑनलाइनही चालेल. आणि महिन्यातून एकदा त्याच वर्गात कोणाचा तरी खरा करार मराठीत ओळीनओळ वाचून दाखवावा.

भोर-वेल्ह्यातली जी मुलं आज श्टुटगार्टला, ओसाकाला, लेस्टरला आहेत, त्यांना एक विनंती. गावाकडे फोटो पाठवता, तसं एकदा पगारपत्रक पाठवा. नाव खोडा, नंबर खोडा, पण ब्रुट्टो, नेट्टो आणि खोलीभाड्याचा आकडा राहू द्या. तुमच्या मागून येणाऱ्या पोरांना घर सोडण्याआधी तो बघू द्या.