रक्षण आणि बंधन

बालकाचे रक्षण करणे हा वडीलधाऱ्यांचा धर्म आहे, याविषयी दुमत होणार नाही. परंतु रक्षण कोठे संपते आणि बंधन कोठे सुरू होते, हा विवेक मात्र कठीण आहे. सांप्रत आपल्या प्राथमिक शाळांतील वाढते निर्बंध पाहिले म्हणजे तो करण्याची वेळ आली आहे, असे वाटते.

माझा पुतण्या येथील एका शासकीय प्राथमिक शाळेत शिकतो. मधल्या सुट्टीत धावताना एक मुलगा पडला आणि त्याचा दात तुटला. दुसऱ्या दिवसापासून पटांगणात धावण्यास मनाई झाली. आता भोजन आटोपले की मुले भिंतीशी ओळीने बसून राहतात. गुरुजींना दोष देणे अन्यायाचे होईल. मूल पडले तर जाब त्यांना द्यावा लागतो. मूल नुसते बसून राहिले तर कोणी काही विचारीत नाही.

नियम हे बहुधा शोकातून जन्मतात, हेही विसरता कामा नये. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम् येथे शाळेला आग लागून ९४ बालके दगावली. आपल्या माळव्याच्या शेजारी, झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावी, २५ जुलै २०२५ रोजी शाळेचे छत कोसळून सात मुलांचा अंत झाला. अशा ठिकाणी नियम कितीही कडक असला तरी तो कमीच होय. परंतु थोडे थांबून पाहावे. ती बालके धावल्यामुळे अथवा झाडावर चढल्यामुळे गेली नाहीत. ती वर्गात बसली होती. छताची डागडुजी, आगीपासूनचा बंदोबस्त, ही कामे मोठ्यांची होती. जे संकट मुलाला दिसत नाही व त्याच्या हाती नाही, त्यापासून त्याला राखणे हे आपले कर्तव्य. ते करण्यास पैसा आणि श्रम लागतात. धावू नका, असे सांगण्यास काहीच लागत नाही. म्हणूनच की काय, दुसरे लवकर होते आणि पहिले राहून जाते.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर महाराष्ट्रात शालेय सहलींसाठी २७ अटी घालण्यात आल्या. समुद्रकिनारे, नद्या, विहिरी, टेकड्या वर्ज्य ठरल्या. त्यामागील वेदना खरी होती. पण मुलाला पाण्यापासून दूर ठेवल्याने त्याला पोहता येत नाही, आणि पुढे आयुष्यात पाणी तर भेटतेच.

आपल्या पूर्वजांनी याचा विचार केलेला दिसतो. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ऊर्जितावस्थेस आणलेला मल्लखांब मध्यप्रदेश शासनाने २०१३ साली राज्याचा खेळ म्हणून स्वीकारला. तेथे लहान मूल एरंडेल चोळलेल्या गुळगुळीत खांबावर उलटे लटकते. पण खाली मऊ माती अथवा गादी असते आणि उस्ताद हाताच्या अंतरावर उभा असतो. भय काढून टाकलेले नाही. ते मुलाच्या मापाचे केलेले आहे. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानेही प्रत्येक शाळेला कुंपण आणि क्रीडांगण ही दोन्ही हवीत असे म्हटले आहे. कुंपण मुलाला राखण्यासाठी आणि क्रीडांगण त्याने धावण्यासाठी.

श्रीमद्भागवतातील दामोदरलीला आपण कार्तिकात ऐकतो. यशोदामाता बाळकृष्णास उखळाला बांधू गेली; दर वेळी दोर दोन बोटे अपुराच पडे. अखेर ती थकली तेव्हा त्याने स्वतःच बांधून घेतले. मला वाटते, मातेच्या प्रत्येक दोरात ती दोन बोटे मोकळीक राहिलीच पाहिजे. मूल वाढते ते तेवढ्याच जागेत.

हे लिहिताना मी स्वतःला वगळीत नाही. गेल्या वर्षी मंदिरातील बालसंस्कार वर्गात एका मुलीच्या बोटाला निरांजनाचा चटका बसला. तिच्या घरचे रागावले आणि मी भिऊन पुढील आठवड्यापासून मुलांच्या हाती विजेचे दिवे दिले. ते पाहून आमचे तीर्थरूप एवढेच म्हणाले, “तुझ्या हाती मी सातव्या वर्षी निरांजन दिले, तेव्हा आरती संपेपर्यंत माझी नजर देवाकडे नव्हती, तुझ्या हाताकडे होती.” मला त्या दिवशी माझी चूक उमगली. मी नियम केला होता तो मुलांसाठी नव्हे. माझ्यावर ठपका येऊ नये म्हणून केला होता. नजर ठेवण्याचे कष्ट नकोत, म्हणून मी ज्योत विझवली होती.

तेव्हा कोणताही नियम करताना आपण स्वतःस एकच प्रश्न विचारावा: यात राखला जातो तो कोण, मूल की मी? शाळेच्या समितीत आपणांपैकी जे पालक आहेत, त्यांनी छत, वायरी, विहिरीचा कठडा यांविषयी निःसंकोच आग्रह धरावा; आणि गुडघा फुटला तर गुरुजींशी भांडू नये. पालक भांडले नाहीत, तर गुरुजीही पटांगण मोकळे करतील.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची गणना अभयापासून सुरू होते. भित्या हातांनी ते मुलांना देता येणार नाही. येत्या चैत्र पाडव्यापासून आमच्या वर्गात पुन्हा निरांजने लागतील. मुलांच्या हाताकडे पाहण्यास दोन-चार मंडळी आली, तर आनंद होईल.