मुख्याध्यापकाचा स्वाध्याय

शाळेच्या प्रमुखाला त्याचे काम शिकवता येते काय, हा प्रश्न वरवर प्रशासनाचा वाटला तरी त्याच्या मुळाशी तत्त्वज्ञानातील एक फार जुना वाद आहे. सद्गुण शिकवता येतो, सरावाने अंगी येतो की निसर्गतःच लाभतो, या पृच्छेनेच प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादाचा आरंभ होतो. सॉक्रेटिस तेथे अशी अडचण दाखवतो की, सद्गुण शिकवता येत असता तर त्याचे शिक्षक कोठेतरी दाखवता आले असते. प्रत्यक्षात मात्र अथेन्समधील थोर पुरुषांनी आपल्या मुलांना घोडेस्वारी आणि कुस्ती उत्तम शिकवली, परंतु ज्यामुळे ते स्वतः थोर ठरले ते काही त्यांना मुलांच्या हाती देता आले नाही. मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणाचा विचार करणाऱ्या कोणालाही या अडचणीला वळसा घालून जाता येत नाही, कारण शाळा चालवण्याची कार्यपद्धती शिकवणे आणि शाळेला सांभाळून पुढे नेणारी माणसे घडवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांतील दुसरीबद्दलच समाजाची खरी अपेक्षा असते.

औपचारिक संधी गेल्या काही वर्षांत निश्चितच वाढल्या आहेत. आज राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दिल्लीतील संस्थेत 2012 मध्ये राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र सुरू झाले. 2019 मध्ये ‘निष्ठा’ या देशव्यापी कार्यक्रमाने शिक्षकांबरोबर शाळाप्रमुखांनाही आपल्या कक्षेत घेतले. आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने मुख्याध्यापकाने वर्षाकाठी किमान 50 तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासासाठी, म्हणजे सेवेत असताना अखंड चालू राहणाऱ्या शिक्षणासाठी, द्यावेत अशी अपेक्षा व्यक्त केली. या तासांत केवळ नेतृत्व आणि व्यवस्थापन न ठेवता अध्यापनशास्त्राचाही समावेश धोरणाने केला आहे, ही त्यातील सर्वांत मोलाची बाब होय. तरीही तास मोजता येतात आणि माणसाची वाढ मोजता येत नाही, हे अंतर कोणत्याही धोरणाला केवळ आदेशाने मिटवता येणार नाही.

या अंतराचे स्वरूप ॲरिस्टॉटलने केलेल्या एका भेदातून स्पष्ट होते. वस्तू घडवण्याचे कौशल्य आणि योग्य कृती कोणती हे त्या त्या प्रसंगी ओळखण्याची प्रज्ञा ही त्याच्या मते ज्ञानाची दोन वेगळी रूपे आहेत. पहिल्याचे नियम सांगता येतात. दुसरीचा विषयच मुळी नियमांत न मावणारा एकेक प्रसंग असतो. म्हणूनच तरुण माणूस गणितात पारंगत होऊ शकतो, पण व्यवहारातील प्रज्ञा त्याच्या ठायी सहसा आढळत नाही, कारण तिला अनुभवाचा दीर्घ काळ लागतो, असे तो म्हणतो. मराठी वाचकाला या प्रज्ञेसाठी ‘विवेक’ हा शब्द जवळचा वाटेल. मात्र वेदान्तात त्याचा जो अर्थ आहे, म्हणजे नित्य आणि अनित्य यांतील भेद जाणणे, तो येथे अभिप्रेत नसून समोरच्या परिस्थितीतील सार आणि असार निवडण्याची शक्ती एवढाच अर्थ घेतलेला आहे.

मुख्याध्यापकाच्या कामातील जो भाग परिपत्रकात उतरतो तो बहुतांशी कौशल्याचा असतो: यू-डायस या शालेय माहिती प्रणालीत माहिती वेळेत भरणे, शालार्थ या वेतन प्रणालीत वेतनदेयके तयार करणे, पोषण आहाराचा साठा आणि त्याची नोंदवही जुळवणे, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेचे इतिवृत्त लिहिणे. हे सारे शिकता येते आणि शिकवलेही पाहिजे. परंतु दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी निघालेल्या कुटुंबातील सातवीची मुलगी आईवडिलांबरोबर जाणार, आजीजवळ राहणार की हंगामी वसतिगृहात येणार, याविषयी तिच्या घरच्यांशी कोणत्या शब्दांत बोलावे; वर्गात मनापासून शिकवणारा पण नोंदी ठेवण्यात हलगर्जी असलेला शिक्षक आणि नोंदी चोख पण वर्गात निर्जीव असलेला शिक्षक यांच्याशी एकाच न्यायाने वागावे की वेगळ्या; गावातील दोन गटांच्या वैरात शाळेचे अंगण कोणाच्याही सभेचे ठिकाण होऊ न देता दोन्हीकडची मुले शाळेत कशी टिकवावीत, हे कोणत्याही पुस्तिकेत सापडणार नाही. शाळेचे भले किंवा बुरे ठरते ते बहुधा याच निर्णयांत, आणि ते निर्णय रोज घ्यावे लागतात.

जे सांगून देता येत नाही ते वाढवावे तरी कसे, या प्रश्नाला भारतीय परंपरेत एक अत्यंत विचारपूर्वक दिलेले उत्तर आहे, आणि ते तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आढळते. तिच्या नवव्या अनुवाकात, म्हणजे छोट्या प्रकरणात, माणसाच्या कर्तव्यांची यादी येते: ऋत, सत्य, तप, इंद्रियांचा आणि मनाचा निग्रह, अग्निहोत्र, अतिथींचा सत्कार, लौकिक व्यवहार, संततीचे पालन. या प्रत्येक कर्तव्याच्या जोडीला स्वाध्याय आणि प्रवचन या दोन गोष्टींचा पुन्हा पुन्हा उच्चार केलेला आहे. स्वाध्याय म्हणजे स्वतः अध्ययन करीत राहणे आणि प्रवचन म्हणजे इतरांना शिकवीत राहणे. ही पुनरुक्ती निरर्थक नाही. शंकराचार्यांच्या भाष्यानुसार, इतर सर्व कर्मांत गुंतलेल्या माणसानेही अध्ययन आणि अध्यापन प्रयत्नपूर्वक चालू ठेवले पाहिजे, हे तिच्यातून सुचवलेले आहे. त्याच अनुवाकाच्या शेवटी तीन आचार्यांची मते नोंदवली आहेत. एकाच्या मते सत्य हेच सर्वश्रेष्ठ, दुसऱ्याच्या मते तप; आणि नाक मौद्गल्य नावाच्या तिसऱ्याच्या मते स्वाध्याय आणि प्रवचन हेच सर्वस्व, कारण तेच तप होय.

मुख्याध्यापकाच्या संदर्भात या अनुवाकाचे महत्त्व असे की, इतर कामांच्या भारामुळे अध्ययन आणि अध्यापन सुटणे क्षम्य आहे, ही समजूत तो मान्य करीत नाही. अतिथी आले तरी आणि लौकिक व्यवहार उभे राहिले तरी ती दोन कामे त्यांच्या बरोबरीने चालायची आहेत. ती फुरसतीवर ढकललेली नाहीत. महाराष्ट्रातील कितीतरी शाळांत पदावर बसल्यानंतर मुख्याध्यापकाचा वर्गाशी संबंध हळूहळू तुटतो, आणि ज्या दिवशी तो तुटतो त्या दिवशी त्याच्या विकासाचा मुख्य झराही आटतो, मग त्याने वर्षाकाठी कितीही तासांचे प्रशिक्षण पूर्ण केलेले असो. आठवड्यातून काही तासिका स्वतः घेणारा मुख्याध्यापक आपल्या शिक्षकांच्या अडचणी ऐकीव माहितीवरून जाणत नाही. त्या त्याच्याही असतात. त्याच्या कामातून या तासिका काढून घेणारी प्रत्येक व्यवस्था, तिचा हेतू कितीही चांगला असला तरी, त्याचे शिक्षणच काढून घेते.

याच वल्लीच्या अकराव्या अनुवाकात निरोप घेणाऱ्या शिष्याला आचार्य जे सांगतात, त्यातही या विषयाला थेट लागू पडणारा एक धागा आहे. आमचे जे चांगले आचरण असेल तेवढेच घे, इतर घेऊ नकोस, असे सांगून आचार्य स्वतःच्या आचरणालाही कसोटी लावतात. आणि पुढे, कर्तव्याविषयी शंका आली तर तेथील विचारक्षम, आपल्या कामात तत्पर, स्वभावाने कोमल आणि धर्माची चाड असलेली माणसे जशी वागतात तसे वागावे, असे सुचवतात. भाष्यकाराने या माणसांचे आणखी एक लक्षण स्पष्ट केले आहे: ती दुसऱ्याच्या प्रेरणेने चालणारी नसावीत, स्वतंत्रपणे निर्णय घेणारी असावीत. शंका फिटण्याची जागा येथे ग्रंथ नाही की आज्ञा नाही. ती विवेकी समव्यावसायिकांची संगत आहे. पाली साहित्यात बुद्धाने आनंदाला, कल्याणमित्रता म्हणजे सन्मार्गावरील सोबत्याची संगत ही साधनेचा अर्धा भाग नसून संपूर्ण साधनाच आहे, असे जे सांगितले, त्याचाही रोख तोच आहे.

या आदर्शाला एक ठळक मर्यादा आहे, आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. उपनिषदातील ती विचारक्षम माणसे ब्राह्मणच होती, आणि स्वाध्याय-प्रवचनाची परंपरा शतकानुशतके बहुसंख्य लोकांना बंद राहिली. 1848 मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा त्या बंद दाराला मोठा धक्का बसला; आणि पुढे 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळांचे शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शेतकरी वर्गातून यावेत आणि लोकांत मोकळेपणाने मिसळून त्यांच्या गरजा ओळखणारे असावेत, अशी मागणी केली. प्रशिक्षण आणि लोकांशी जवळीक या दोन अटी त्यांनी एकत्र ठेवल्या, यात त्यांची दूरदृष्टी दिसते. शाळेच्या प्रमुखाने ज्यांच्याकडून शिकायचे त्या विचारक्षम माणसांत मुलांना शाळेत पाठवणारी आई, ऊसतोड मजूर आणि शाळा व्यवस्थापन समितीतला अल्पशिक्षित पालक यांचाही समावेश होतो, हा विस्तार फुल्यांच्या विचारातून उमगतो, उपनिषदातून नाही.

मुख्याध्यापकपद कोणाला मिळते, हाही या चर्चेचा भाग आहे. महाराष्ट्रातील खाजगी शाळांसाठीच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे, अल्पसंख्याक संस्थांचा अपवाद वगळता, आवश्यक अर्हता आणि अनुभव असलेल्या शिक्षकांतील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला, तिची सेवा समाधानकारक असेल तर, हे पद द्यावयाचे असते. या नियमाची टिंगल करण्याची प्रथा आहे; तरी संस्थाचालकांच्या मर्जीपासून त्याने असंख्य शिक्षकांना वाचवले, हे विसरता येत नाही. मात्र ज्येष्ठता ही अनुभवाच्या कालावधीची खूण आहे, अनुभवातून काय निष्पन्न झाले याची नव्हे. आणि ज्येष्ठतेने येणारा माणूस बहुधा निवृत्तीला काही वर्षे उरलेली असताना खुर्चीवर बसतो. त्यामुळे मुख्याध्यापकाचा विकास पदग्रहणानंतर सुरू करणे म्हणजे फार उशीर करणे होय. तो शिक्षक असतानाच, पर्यवेक्षक असतानाच सुरू व्हायला हवा.

प्रशिक्षण फळासाठी घ्यावे की कर्तव्य म्हणून, असाही एक प्रश्न आहे, आणि तो महाराष्ट्रातील शिक्षकाला अपरिचित नाही, कारण 12 वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनंतरची निवडश्रेणी या दोन्ही प्रशिक्षणाशी जोडलेल्या आहेत. वेतनवाढीसाठी घेतलेले शिक्षण हे गीतेच्या परिभाषेत सकाम कर्म, म्हणजे फळाच्या इच्छेने केलेले कर्म ठरते. पण त्यावरून ते निरुपयोगी ठरत नाही. कुटुंब असलेल्या माणसाने योग्य वेतनाची इच्छा धरण्यात गैर काही नाही. हानी होते ती वेगळ्या ठिकाणी. फळ प्रमाणपत्राला जोडले गेल्यामुळे प्रशिक्षण देणारा आणि घेणारा या दोघांचेही लक्ष हजेरीकडे वळते, आणि शाळेत परतल्यावर काय बदलले हे विचारण्याची जबाबदारी कोणाकडेच उरत नाही.

समर्थ रामदासांच्या दासबोधात, विशेषतः त्याच्या अकराव्या दशकात, महंताचे म्हणजे समुदाय चालवणाऱ्या पुरुषाचे जे वर्णन आहे, त्यात या प्रश्नाची दुसरी बाजू सापडते. महंताने इतर महंत घडवावेत, त्यांना बुद्धीने आणि युक्तीने संपन्न करावे आणि निरनिराळ्या प्रदेशांत पाठवावे, असे रामदास सांगतात. नेत्याची परिपक्वता त्याच्या भोवती गोळा झालेल्या अनुयायांवरून न पाहता त्याने स्वतंत्रपणे उभ्या केलेल्या नेत्यांवरून पाहण्याची ही दृष्टी आहे. ती शाळेला लावली तर मुख्याध्यापकाच्या विकासाची कसोटी त्याच्या स्वतःच्या प्रमाणपत्रांत न शोधता त्याच्या शाळेतील किती शिक्षकांना निर्णय घेण्याचा सराव मिळाला यात शोधावी लागेल. वेळापत्रक, परीक्षा, सहल, पालकसभा ही कामे त्याने शिक्षकांकडे जबाबदारीसह सोपवली आणि चुका झाल्या तरी त्यांच्या पाठीशी उभा राहिला, तर त्याच शाळेत पुढील मुख्याध्यापक तयार होत राहतात.

यावरून एक निष्कर्ष निघतो, आणि शिक्षण खात्याला तो गैरसोयीचा वाटला तरी टाळता येण्यासारखा नाही. विवेक निर्णयांतूनच वाढत असेल, तर ज्याच्या हाती निर्णय नाहीत त्याला विवेकाचे शिक्षण देता येत नाही. एका बाजूने नेतृत्वाचे धडे द्यायचे आणि दुसऱ्या बाजूने शाळेच्या किरकोळ खर्चापासून उपक्रमांच्या तारखांपर्यंत सारे वरून ठरवून द्यायचे, या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात. मुख्याध्यापकाला त्याच्या शाळेच्या गरजेनुसार काही निधी खर्चण्याची, शिक्षकांच्या कामाची फेरवाटणी करण्याची आणि एखादा अनावश्यक अहवाल न पाठवण्याची मोकळीक मिळाली, तर ती स्वतःच मोठ्या प्रशिक्षणवर्गाइतकी फलदायी ठरेल.

अशा मोकळिकीला विवेकी संगतीची जोड मिळण्याचे एक ठिकाण महाराष्ट्रात आधीपासून आहे. दर महिन्याला केंद्र पातळीवर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटासाठी, शिक्षण परिषद भरते, आणि केंद्रप्रमुखाच्या अध्यक्षतेखाली परिसरातील शाळांचे शिक्षक आणि मुख्याध्यापक एकत्र येतात. कोठारी आयोगाने 1964 ते 1966 या काळात सुचवलेल्या आणि 2020 च्या धोरणाने पुन्हा मांडलेल्या शाळा संकुलाच्या, म्हणजे जवळच्या शाळांनी परस्परांच्या आधाराने काम करण्याच्या कल्पनेलाही असेच व्यासपीठ लागते. सध्या या परिषदेचा बराचसा वेळ सूचना ऐकण्यात आणि माहिती गोळा करण्यात जातो. त्याऐवजी प्रत्येक बैठकीत एका मुख्याध्यापकाने आपला एक अवघड, अजून न सुटलेला निर्णय सहकाऱ्यांपुढे ठेवावा, त्यांनी तो त्याच्या शाळेत प्रत्यक्ष जाऊन समजून घ्यावा आणि पुढच्या महिन्यात त्याचे काय झाले हे पुन्हा एकत्र बसून पाहावे, अशी रीत पडली, तर 50 तासांतील काही तास तरी त्याच्या आणि सहकाऱ्यांच्याही विवेकाच्या खात्यात जमा होतील. आणि त्यासाठी नवी संस्था लागणार नाही, फक्त त्या दिवशी कोणतीही माहिती मागवली जाणार नाही, एवढी हमी वरिष्ठ कार्यालयाला द्यावी लागेल.