ओरिजिनल कुणाचं?

हा व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. गोठ्यात कडब्याखाली सापडलेली जुनी मोटरसायकल, टाकी गंजलेली, सीटच्या जागी गोणपाट. मग सँडब्लास्टिंग, प्रायमर, काळा रंग, टाकीवर बारीक रेघ, क्रोम, आणि शेवटी एका किकमध्ये सुरू. बघणारे सगळे एकच शब्द वापरतात: ओरिजिनल. मला मात्र तिथं न दाखवलेली गोष्ट बघायची असते. गाडीवरून जे जे उतरवलं, ते कुठं गेलं?

सिन्नरमध्ये माझ्या एका मित्राच्या पडवीत हा प्रश्न वर्षभर स्टँडवर उभा आहे. त्याच्या आजोबांची बीएसए एम-२०. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मुळात बंदुका करणारी कंपनी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेनं ही गाडी जगभर फिरवली. एकूण सव्वा लाखाच्या आसपास बनल्या. पाचशे सीसीचा एकच सिलिंडर, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. मागे शॉकअ‍ॅब्सॉर्बर नाहीच, रस्त्याचा प्रत्येक खड्डा सीटखालच्या स्प्रिंगा आणि तुमचा मणका वाटून घेतात. युद्ध संपल्यावर लष्कराच्या कितीतरी गाड्या डिस्पोजलच्या मालात विकल्या गेल्या. ही त्यातलीच, असं घरी सांगतात. (आमच्या भागात जुन्या गाडीची प्रत्येक गोष्ट देवळाली कॅम्पपासून सुरू होते. कागद कुणाकडेच नसतो.)

आजोबांनी तिच्या मागच्या मडगार्डवर लोखंडी अँगलचं एक दणकट कॅरिअर वेल्ड करून घेतलं होतं. सिन्नर हे विड्यांचं गाव. त्या कॅरिअरवरून आधी तंबाखूची पोती गेली, मग कांदे, मग घरातली माणसं. ताप उतरत नव्हता म्हणून लहानग्या आत्याला मोहदरीचा घाट उतरून नाशिकला नेलं, तेही त्याच्यावरच. इंजिनातला पिस्टन दुसऱ्याच कुठल्या गाडीचा, लेथवर उतरवून बसवलेला. आणि नट-बोल्ट! इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये आट्यांचं एक माप ठरवलं, आट्याचा कोन ५५ अंश. मेट्रिक आट्याचा कोन ६० अंश. आपल्याकडे १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा झाला, आणि हळूहळू जुन्या इंग्रजी मापाचे बोल्टही मिळेनात आणि पानेही. मग मिस्त्रींनी जिथं जिथं आटे गेले, तिथं तिथं भोक मोठं करून मेट्रिक आटे पाडले. आज त्या गाडीला पाना लावायचा तर एका बाजूला एक जातीचा, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या.

पुण्याचा एक जाणकार येऊन गाडी बघून गेला. त्याच्याकडे कंपनीचं पार्ट्सचं पुस्तक आहे, कुठल्या साली कुठला रंग होता तेही त्याला तोंडपाठ. माणूस प्रामाणिक. त्यानं सांगितलं, कॅरिअर कापा, पिस्टन इंग्लंडहून मागवा, सगळे आटे भरून पुन्हा व्हिटवर्थ करा. गाडी फॅक्टरीतून निघाली तशी दिसेल, किंमतही कितीतरी पटींनी वाढेल.

कायदाही साधारण त्याच बाजूचा आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. वीस हजार रुपये भरले की दहा वर्षांची नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट. मात्र मग ती रोजच्या कामाला रस्त्यावर काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. म्हणजे जिनं पोती वाहिली, तिनं आता स्वतःला वाहून घ्यायचं, ट्रेलरवरून.

इथं तत्त्वज्ञानातलं एक जुनं कोडं आठवतं. ग्रीक राजा मिनँडर, आपला मिलिंद, भिक्खू नागसेनांना भेटायला रथात बसून येतो. नागसेन विचारतात, रथ म्हणजे काय? आस? चाकं? दांडी? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि शेवटी दोघं इथवर येतात की हे सगळे भाग एकत्र आले म्हणून व्यवहारात त्याला ‘रथ’ हे नाव पडतं. संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयाचं नाव याच राजावरून आहे. ग्रीकांकडे थिसियसचं जहाज आहे: एकेक फळी बदलत गेली, तर जहाज तेच का? थॉमस हॉब्जनं त्यात भर घातली की काढलेल्या फळ्या जमवून कुणी दुसरं जहाज बांधलं तर? भंगारबाजारात चक्कर मारलेल्या माणसाला हे कोडं वाटणारच नाही. तिथं ते रोज घडतं, आणि आरसी बुकावरचा चेसिस नंबर निकाल देतो.

पण नागसेनांच्या उत्तरात एक पुढचा प्रश्न दडलेला आहे. नाव व्यवहारानं पडतं, ठीक. कुणाच्या व्यवहारानं? पार्ट्सच्या पुस्तकानुसार ही गाडी बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून निघाली त्या दिवशी खरी होती, नंतर बिघडत गेली. आजोबांच्या हिशेबानं ती कॅरिअर बसलं त्या दिवशी कामाची झाली. आपण ‘ओरिजिनल’ म्हणतो तेव्हा यातला एक दिवस निवडतो. मग जवळपास प्रत्येक वेळी कारखान्याचाच दिवस का निवडला जातो?

बुलेटचं उदाहरण घ्या. रॉयल एनफिल्डनं १९५५ मध्ये मद्रास मोटर्सशी हात मिळवला आणि बुलेट मद्रासला बनू लागली. इंग्लंडातला रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला. मद्रासचा चालू राहिला, आणि १९७७ पासून इथली बुलेट इंग्लंडला जाऊ लागली. यातली ओरिजिनल कुठली? आता तर बीएसए हे नाव महिंद्रांच्या घरात आहे, नॉर्टन टीव्हीएसकडे, आणि ट्रायम्फच्या चारशे सीसीच्या गाड्या बजाज चाकणला बनवते. सिन्नरहून पुण्याला जाताना वाटेतच लागतं ते. मालकी इकडे आली. ओरिजिनल मात्र अजून तिकडेच राहतं.

इथवर मी कॅरिअरच्या बाजूनं बोलत आलो. पण दुसरी बाजू दुबळी नाही, आणि ती मला छळते. आजोबांना मूळ पिस्टन मिळाला असता तर त्यांनी दुसऱ्या गाडीचा बसवला असता का? मुळीच नाही. आयातीवर बंधनं होती, हातात पैसा नव्हता, हंगाम थांबत नव्हता. तो जुगाड त्यांची नड होती, आवड नव्हे. त्यांची नड आज मी ‘इतिहास’ म्हणून जपायची, फोटो काढायचे, कौतुकानं बोट फिरवायचं, यात काहीतरी खोटं आहे. पाठीचा मणका दुसऱ्याचा गेला आणि सौंदर्य मला दिसतंय. शिवाय सगळेच जुगाड चांगले नसतात. या गाडीच्या चेसिसला वेल्डिंगजवळ केसाएवढी भेग आहे. तिला वारसा म्हणून जपणारा माणूस घाटात जाईल आणि परत येणार नाही.

इमारतींच्या बाबतीत जगानं यावर बराच विचार केलाय. १९६४ च्या व्हेनिस सनदेत म्हटलंय की वास्तूत वेगवेगळ्या काळांनी जी रास्त भर घातली तिचा मान राखावा, आणि नवा भाग बसवलाच तर तो मेळ खावा, पण जुन्यापासून वेगळा ओळखू यावा. सिन्नरचं गोंदेश्वराचं देऊळ यादवांच्या काळातलं, संरक्षित स्मारक. त्याचे झिजलेले दगड घासून पुन्हा कोरीव करा, असं उद्या कुणी म्हणालं तर गाव अंगावर येईल. मोटरसायकलला हा न्याय आपण लावत नाही, कारण झिजलेलं देऊळ पवित्र आणि झिजलेलं यंत्र निव्वळ जुनाट, असं आपल्या डोक्यात पक्कं आहे. देवळाला चालावं लागत नाही, हा फरक मात्र खरा. चालणारी वस्तू जपायची तर प्रत्येक किलोमीटरला ती थोडी संपवावी लागते.

म्हणून मी मित्राला माझं मत सांगितलं. भेग भरून घे, ब्रेक नीट कर, मेट्रिक आटे आहेत तसे राहू देत, पिस्टन चालतोय तोवर चालू दे. कॅरिअर कापू नकोस. जे काढशील त्याला चिठ्ठी बांधून पेटीत ठेव. किंमत कमी येईल, येऊ दे. विकायचीय कुणाला?

त्याला पटत होतं. तेवढ्यात आतून त्याची आजी आली. सत्तर वर्षं ती गाडी तिच्या दारात आहे आणि वर्षभराच्या चर्चेत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. तिनं कॅरिअरच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं अँगल कापताना राहिलेली धार अजून आहे.

“कापा ते,” ती म्हणाली. “माझी तीन लुगडी फाटलीत त्याच्यात.”