परदुःख आणि करमणूक

सन २०१९ च्या सप्टेंबर महिन्यांत रिझर्व्ह बँकेनें पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले, तेव्हां ठेवीदारांस प्रथम सहा महिन्यांत अवघे १,००० रुपये काढण्याची मोकळीक राहिली. पुढें ही मर्यादा वाढली. एकाच बांधकाम-समूहास दिलेलें हजारो कोटींचें कर्ज २१,००० हून अधिक बनावट खात्यांआड लपविलेलें होतें! बँकेच्या दारीं रडणारे वृद्ध मीं घरीं बसून पडद्यावर पाहिले, हळहळलों, आणि लागलीच पुण्याच्या कसोटी सामन्याकडे वळलों. कोहलीनें त्यांत नाबाद २५४ धावा केल्या.

शेजारच्या आजींची ठेव दुसऱ्या एका बँकेंत अडकलेली होती. त्यांच्यापुढें मी हीच हकीकत रंगांत येऊन सांगूं लागलों. त्या शांतपणें म्हणाल्या, "बाळा, तुला गोष्ट चांगली सांगतां येते."

खेळ पाहणें पाप आहे असें मी म्हणत नाहीं. राबलेल्या मनुष्यास विसांवा हवाच. परंतु ज्या डोळ्यांनीं खेळ पाहावा त्याच डोळ्यांनीं शेजाऱ्याचा नाश पाहिला, तर त्या हळहळीस दया म्हणावें काय? दयेला कांहीं तरी उठून करावें लागतें; माझ्या हळहळीला केवळ पुढचें चित्र हवें होतें.

सन २०२० च्या फेब्रुवारींत ठेव-विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये झाली. त्या बातमींत रडणारें कोणी नव्हतें, म्हणून ती माझ्या मनांत राहिली नाहीं. आजींच्या ओसरीवर बसून त्यांचें खातेपुस्तक उघडून पाहावयास मला आणखी एक महिना लागला.