पटावरची नावे आणि ओसरीवरची माणसे

कीर्तनाला उभे राहिल्यावर श्रोते किती जमले हे मोजू नये, असे आमचे गुरुजी सांगत. तरी डोळा जातोच. आज या मोजण्याविषयीच लिहावयाचे आहे, पण विषय फडातला नाही, खेड्यातल्या प्रौढ शिक्षण वर्गातला आहे. प्रश्न असा की, लोकांच्या पैशाने लोकांना अक्षर शिकवावयाचे, तर तो पैसा वहीतल्या नावावर द्यावा की समोर बसलेल्या माणसावर? आणि खोटे नाव लिहिणाऱ्याने कोणाचे काय घेतले?

ते खोटे नाव मी स्वतः लिहिले आहे, म्हणून बोलण्याचा अधिकार.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांत १० कोटी निरक्षर शिकवावयाचे, वय १५ ते ३५, एका केंद्रात ३० जण, शिकविणाऱ्यास महिना ५० रुपये मानधन. मी तेव्हा लघुकौमुदी आणि थोडा न्याय घोकून नुकताच गावी परतलो होतो. शब्दरूपे तोंडपाठ, खिसा मोकळा. देवळाच्या ओसरीवर कंदील टांगला आणि नावे लिहायला बसलो. सतरा भरली. पुढे माणूस मिळेना, आणि तिसाशिवाय केंद्र मिळेना. मग ऊसतोडीला गेलेले, मुंबईला गिरणीत लागलेले, एक तर नांदायला गेलेली पोर, अशी तेरा नावे मी घातली. कोणी विचारले नाही. मनात म्हटले, यात कोणाचे काय गेले?

त्या ओसरीवर रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसणारी एक बाई साठीची होती. तिचे नाव पटावर नव्हते, कारण वय नियमात बसेना. पाट्या मोजून आलेल्या, तिच्या वाट्याला पाटी नाही. ती धुळीत बोटाने गिरवायची. एके रात्री म्हणाली, "म्हाराज, माजं नाव कधी घेता?" मी म्हटले, "मावशी, तुमचं वय जास्त झालं." ती म्हणाली, "आन् नांदायला गेलेल्या पोरीचं नाव तुमीच घेता, 'हजर' बी तुमीच म्हनता. ती कुटं बसलीय मला दिसंना."

सगळे हसले. मीही हसलो. पण त्या रात्री झोप आली नाही. आमच्या शास्त्राने मला हेत्वाभास ओळखायला शिकविले होते, आणि या अडाणी म्हणविणाऱ्या बाईने माझा हेत्वाभास कंदिलाच्या उजेडात उघडा पाडला.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि सात्त्विक दानाला देश, काल, पात्र पाहावे असे म्हटले आहे. पण सरकारचा पैसा दान नव्हेच. काडेपेटी आणि घासलेट घेताना त्या मावशीनेही कर भरलेला होता. म्हणजे न येणाऱ्या तेरा जणांचा वर्ग तिच्या पैशावर चालला, आणि येणारी ती एकटी धुळीत बसली. कोणाचे काय गेले, याचे उत्तर समोरच होते.

दोष सगळा माझ्यावर घ्यावा काय? माझा तो घेतोच. पण तीस नाहीत तर काहीच नाही, असा नियम केला की तीस भरतात. आणि वर्गाची वेळ दिवेलागणीची, जेव्हा चुलीवर भाकरी असते. तेव्हा बायका येणार कशा? काल आणि पात्र दोन्ही चुकले होते.

याआधी १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली, तिची तऱ्हा निराळी होती. तेथे एकेक नाव नव्हे, सबंध गाव साक्षर व्हावयाचे आणि मग ग्रामगौरव समारंभ. पैसा थोडा, गावाची अब्रू मोठी. मात्र समारंभानंतर ज्यांच्या हाती पुस्तक राहिले नाही ते विसरले. असो.

आता २०२२ ते २०२७ साठी नव भारत साक्षरता कार्यक्रम आहे. १५ वर्षांवरील कोणीही यावे, वयाची वरची अट गेली, हे फार चांगले झाले. तरतूद १०३७ कोटी ९० लाख रुपये, माणसे ५ कोटी. भागाकार करून पाहा, माणशी सुमारे २०७ रुपये येतात. शिकविणारे स्वयंसेवक, मानधन नाही. पन्नास रुपयांचा मोह गेला खरा. पण नोंदणीचा आकडा वरून मागितला जातो तोवर खोट्या नावाची वाट बंद झाली असे मला वाटत नाही.

आपल्यातले काही म्हणतील, बुवा, हरिपाठ आम्हांला तोंडपाठ आहे, अक्षर कशाला? त्यांना विचारतो, चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनी लिहून घेतले, जनीचे लिहायला प्रत्यक्ष देव बसला, असे आपली परंपराच सांगते ना? मग लिहिणे हलके कसे? ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपुढच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून पाटी घेऊन बसल्या. त्यांचे मागणे काय होते? आपल्याला पोथी वाचता यावी, एवढेच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील स्त्रियांची साक्षरता सुमारे ७६ टक्के होती. उरलेल्यांतल्या किती जणी आपल्याच दिंडीत तुळस डोक्यावर घेऊन चालतात, ते आपण पाहतोच.

त्या मावशीचे नाव मी शेवटी एकतिसावे म्हणून लिहिले. तपासायला आलेल्या साहेबांनी ते तांबड्या शाईने खोडले. बाकीच्या तिसांना हात लावला नाही. तोवर तिला स्वतःचे नाव लिहिता येत होते.

येत्या वारीत आमच्या दिंडीत मुक्कामावर हरिपाठ झाला की अर्धी घटका पाटी धरावयाची, असे ठरविले आहे. पाट्या आम्ही आणल्या आहेत. ज्याला बसावयाचे त्याने बसावे. नाव लिहावयाचे ते नंतर, आणि बसला असेल त्याचेच.