डोंगरावरून खाली
(प्रायश्चित्तकाळातील दुसरा रविवार)



काही दिवसांपूर्वी तुर्भ्यातच एका घराला आशीर्वाद देऊन परतत होतो. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत मुलांचा घोळका दिसला. त्यांनी प्लायवूडचा एक रॅम्प बनवला होता. पायथ्याशी सपाट, वर जाता जाता उभा होत जाणारा, आणि माथ्यावर लोखंडी पाइप. आपला एक वेदीसेवक स्केटबोर्डवर उभा होता. मला पाहताच ओरडला, "फादर, थांबा ना, बघा!"

तो वेगाने चढावर गेला, बोर्ड वळवला आणि चाकांमधले दोन्ही धातूचे दांडे त्या पाइपवर टेकवून क्षणभर स्तब्ध उभा राहिला. या प्रकाराला 'ॲक्सल स्टॉल' म्हणतात, असे त्यानेच सांगितले. पण खाली येताना तो धाडकन पडला. कोपर खरचटले. मी विचारले, "चढणं फार अवघड असेल ना रे?"

"नाही फादर. चढणं जमतं, वर थांबणंही जमतं. उतरायचीच भीती वाटते."

उतरायचे कसे, तेही त्याने समजावले. मागच्या पायाने बोर्डाची शेपटी दाबायची, पुढची चाके उचलून उताराकडे वळवायची आणि अंगाचा सगळा भार पुढच्या पायावर टाकायचा. भीती वाटली की माणूस आपोआप मागे झुकतो. मागे झुकला की बोर्ड पायाखालून पुढे निसटतो आणि माणूस पाठीवर आपटतो. म्हणजे स्वतःला वाचवायला जातो, तोच पडतो!

हा खेळ अमेरिकेत कॅलिफोर्नियात वाढला. 1970 च्या दशकात दुष्काळामुळे तिथले पोहण्याचे तलाव कोरडे पडले. मुले त्यांच्या गोलाकार भिंतींवर बोर्ड चालवू लागली. तलावाच्या काठावर टेकून थांबायचे आणि परत खाली यायचे, हे तिथलेच कसब. 2021 साली टोकियोत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. 2022 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत आपल्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने यात सुवर्णपदक मिळवले. पदक मिळवणारे असोत की आपल्या तुर्भ्याची पोरे, काठावर कायम कुणालाच राहता येत नाही.

आजचे शुभवर्तमान आठवा. पेत्र, याकोब आणि योहान प्रभूबरोबर डोंगरावर गेले. त्याचे तेजस्वी रूप त्यांनी पाहिले. पेत्राला वाटले, इथेच तीन मंडप बांधावेत, इथेच राहावे. पण प्रभूने त्यांना खाली आणले. खाली काय होते? गर्दी, वादावादी आणि आजारी मुलासाठी रडणारा एक बाप. डोंगरावरचा प्रकाश त्या बापाच्या कामी यायचा होता.

बंधू-भगिनींनो, एक गोष्ट कबूल करतो. काही वर्षांपूर्वी मी आठ दिवसांची रिट्रीट करून आलो. मन कसे भरून आले होते! त्याच रात्री फोन आला : "फादर, आजी फार आजारी आहे, कुमसार करायचा म्हणते." मी थकलो होतो. 'सकाळी येतो,' म्हणालो. सकाळी गेलो तेव्हा आजी बेशुद्ध होती. मी तैलाभ्यंग दिला, पण तिला जे सांगायचे होते ते ऐकायचे राहून गेले. घरच्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. डोंगरावर मी गेलो होतो. उतरताना मात्र मागे झुकलो.

आपलेही असेच होत नाही का? मिस्सात डोळे भरून येतात, आणि मंदिराच्या फाटकाबाहेर सख्खा भाऊ दिसला की मान दुसरीकडे वळते. वांद्र्याच्या जत्रेत मेणबत्ती लावतो, आणि घरातल्या म्हाताऱ्या सासूशी चार शब्द बोलायला वेळ नसतो. मिस्सा, प्रार्थना, उपवास हे सारे हवेच. तो क्षणभराचा थांबा देवाचीच देणगी आहे. पण खरी कसोटी उतरताना लागते.

त्या मुलाला शेवटी कसे जमले? त्याचा मित्र खाली उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. ते धरून तो दोनदा उतरला. तिसऱ्यांदा एकटा. आपल्यासाठीही प्रभू आधीच खाली जाऊन उभा आहे, त्या रडणाऱ्या बापाच्या शेजारी. या आठवड्यात आपण टाळत असलेल्या एका दाराशी जाऊया. पुढच्या पायावर भार टाकूया. प्रभू आपला हात धरो. आमेन.

आपला ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू