दया आणि ऋणफेड

भूतदया हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की, त्याचा अर्थ काय असे कोणी विचारले तर आपणांस हसू येईल. मुंगीला चिमूटभर साखर घालावी, तहानलेल्या गुराला पाणी दाखवावे, जखमी पाखरू उचलून आडोशाला ठेवावे, झाली भूतदया! परंतु ज्या जीवाला आपण पाणी दाखवतो त्याचे पाणवठेच आपल्यापायी बुजले असतील, तर त्या पाणी दाखवण्याला काय म्हणावे? दया म्हणावे, की दुसरे काही? बोर्निओ बेटावरील एक स्थान पाहिल्यापासून हा प्रश्न आमच्या मनात घोळत आहे. तोच आज वाचकांपुढे ठेवतो.

मलेशिया देशाचा साबा नावाचा प्रांत या बेटाच्या उत्तरेला आहे. तेथील सांदाकान शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर सेपिलोकचे अरण्य लागते. पाऊस तेथे बारमाही, आणि झाडे अशी उंच की शेंडा पाहताना डोईची टोपी पडावी. या अरण्याच्या कडेला १९६४ साली ओरांगउटानांच्या आईवेगळ्या पिलांसाठी एक आश्रयस्थान निघाले, ते आजही चालू आहे. मलय भाषेत ओरांग म्हणजे माणूस आणि हुतान म्हणजे रान. तेव्हा ओरांगउटान म्हणजे रानातला माणूस. अंगावर तांबूस लांब केस, हात पायांहून लांब, आणि नजर मात्र विचारात पडलेल्या म्हाताऱ्यासारखी. एकदा डोळ्यांत पाहिले म्हणजे हे नाव पटते.

या प्राण्याची मादी साधारण सात-आठ वर्षांतून एकदा विते. तितकी वर्षे पिलू आईला धरून असते. कोणते फळ कधी पिकते, कोणती साल सोलून खावी, संध्याकाळ झाली की फांद्या वाकवून झोपण्यापुरते घरटे कसे बांधावे, हे सारे ते तिच्याजवळच शिकते. आई हीच त्याची शाळा. आणि आई जिवंत असेतो पिलू सोडीत नाही. म्हणून ज्याला पाळायला किंवा विकायला पिलू हवे, तो आधी आईला मारतो. अशा पोरक्या जीवाला नुसते दूध पाजून भागत नाही. त्याची बुडालेली शाळाही कोणीतरी भरवावी लागते.

ती तेथे कशी भरते ते पाहण्याजोगे आहे. नवे पिलू आले की आधी त्याला वेगळे ठेवून तपासतात, कारण माणसाचे आजार त्याला लागतात आणि त्याचे माणसाला. मग त्याला दोरांवर चढायला, लोंबकळायला शिकवतात. पुढे हळूहळू रानात सोडतात. रानात एका मचाणावर दिवसातून दोनदा खाणे मांडलेले असते. पण त्यात रोज जवळजवळ तेच ते, मुद्दाम ठेवलेले. हेतू असा की, कंटाळून तरी पोराने स्वतःची फळे स्वतः शोधावीत! रानात फळांचा हंगाम आला की मचाणाकडे फारसे कोणी फिरकत नाही. दुरून आलेले पाहुणे त्या वेळी हिरमुसतात. सांभाळणाऱ्यांना मात्र आनंद होतो.

वाचकहो, या आनंदाचा थोडा विचार करा. लेक सासरी रमली आणि तिला माहेरची आठवण कमी होऊ लागली, तर शहाणी आई रुसत नाही. पोर रुजले म्हणून तिला बरे वाटते. आपण मात्र ज्याला घास दिला त्याने आपले तोंड ओळखावे, पुन्हा दारी यावे, निदान मान तरी हलवावी, अशी अपेक्षा ठेवतो. ही अपेक्षा असेतो आपण दिलेले पुरते सुटलेले नसते, त्याचे एक टोक आपल्या मुठीत असते. घेणाऱ्याला आपली गरज उरू नये अशी जिची धडपड, ती खरी दया.

पण प्रश्न येथे संपत नाही. ही पिले पोरकी होतात का? सांदाकानच्या आसपास मैलोगणती तेलताडाच्या बागा आहेत. जेथे पूर्वी शेकडो जातींची झाडे होती, तेथे आता एकाच झाडाच्या सरळ रांगा. जगातल्या पामतेलापैकी सुमारे ८५ टक्के तेल इंडोनेशिया आणि मलेशिया हे दोन देश पुरवतात. आणि बाहेरून पामतेल आणणाऱ्या देशांत पहिला क्रमांक आपल्या भारताचा आहे. एके काळी रेशनच्या दुकानात मिळणारे ते हेच. आज फरसाण, बिस्किटे, वनस्पती तूप, अंगाचा साबण, कशाकशात ते असते. रान तुटले, वणवे लागले, शिकारही होत राहिली. आणि १९९९ ते २०१५ या १६ वर्षांत एकट्या बोर्निओत सुमारे एक लाख ओरांगउटान कमी झाले, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. २०१६ साली त्यांची गणना अगदी नष्ट होण्याच्या काठावरील प्राण्यांत झाली.

कोणी म्हणेल, आम्ही काही कुऱ्हाड घेऊन गेलो नाही; कढईतले तेल कोठून आले हे आम्हांला काय ठाऊक? म्हणणे खोटे नाही. परंतु बापाने काढलेले कर्ज मुलाला ठाऊक नसते, तरी कागद निघाला की भला मुलगा ते फेडतो. मी घेतले नव्हते, असे म्हणून हात झटकत नाही. आणि फेडल्यावर दान केले म्हणून गावभर सांगतही नाही. दया आणि ऋणफेड यांत भेद आहे तो हाच. हातून घडते ते एकच, पण पहिले आपल्या मर्जीचे, दुसरे आपल्यावर येणे असलेले. पोरक्या जीवांसाठी चार पैसे पाठवून आपण पुण्य जोडले असे मानणे, म्हणजे परतफेडीची रक्कम धर्मादाय खात्यात लिहिणे होय.

म्हणून तेथे राबणाऱ्यांची दया खोटी ठरत नाही. त्याच बेटाच्या इंडोनेशियाकडील भागात न्यारू मेन्तेंग येथे १९९९ पासून असेच आश्रयस्थान आहे. तेथे आसपासच्या बाया पिलांना लेकरासारखे कडेवर वागवतात. त्यांचे ते मायाळूपण निखळ आहे. देणेकरी आहे तो तेल रिचवणारा.

मग पामतेल टाकून द्यावे की कसे? तसेही सोपे उत्तर नाही. एकरी उतारा पाहिला तर तेलताड भुईमूग-सोयाबीनच्या कितीतरी पट तेल देतो. तितकेच तेल दुसऱ्या पिकातून काढायचे तर आणखी जमीन लागेल, म्हणजे दुसरे कोठले तरी रान जाईल. शिवाय त्या बागांवर हजारो गरीब शेतकऱ्यांची चूल पेटते. एका जीवाची कणव करताना दुसऱ्याच्या ताटातला घास काढला, तर तीही दया नव्हे. तेव्हा फेड करायची ती आपल्या बाजूने. रान तोडून लावलेले तेल नको, असे विकणाऱ्याला विचारणारे गिऱ्हाईक व्हावे. आणि त्याहून जवळची गोष्ट, आपली भूक पाहावी. दिंडीच्या पंगतीत तळणाचे ढीग उरतात, घरी सणावाराला कढईतले उरलेले तेल ओतून देतात. तेवढे तरी थांबवता येईल की नाही?

पोरके पिलू वाढवून मोठे करता येते, परंतु त्याला परत पाठवायचे ते रान कोणाला वाढवून देता येत नाही. सेपिलोकचे अरण्य सारे मिळून सुमारे ४३ चौरस किलोमीटरचे. ते आणि त्यासारखी उरलेली राने टिकली, तरच त्या शाळेला अर्थ. म्हणून पुढच्या पंगतीला वाढपी पुन्हा भजी घेऊन आला म्हणजे पोट भरलेल्याने पानावर हात आडवा धरावा. फेडीला आरंभ तेथूनही होतो.